सेरीस-शनी केंद्रयोग निघालाय, लग्नाआधी हे बघावं का? सल्ला द्या

तापीकाठची: आम्ही दोघं जळगावचे, पत्रिका जुळली, 36 पैकी 26 गुण, घरचे खूष. आता पुण्याच्या मैत्रिणीने ऑनलाइन चार्ट काढून सांगितलं की माझा सेरीस (छोटासा बटुग्रह आहे म्हणे) आणि त्याचा शनी केंद्रयोगात, म्हणजे एकमेकांपासून 90 अंशांवर आहेत, म्हणजे हा तुझी काळजी घेणार नाही, तेव्हापासून डोक्यात तेच, तो "जेवलीस का" विचारायला विसरला तरी मला शनी दिसतो. नक्की काय बघायचं असतं यात?

भरीतपार्टी: हाई काय नवं येड शे भो! आपल्या गुरुजींच्या पत्रिकेत सेरीस नसतोच ना.

केळीपट्टा: कसा असणार, तो सापडलाच 1801 मध्ये, सिसिलीत पियाझ्झी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने शोधला. पाश्चात्य पद्धतीवाले वापरतात, तेही सगळे नाही. ताई, मैत्रिणीने तुला अर्धंच सांगितलंय. सेरीस म्हणजे रोमन लोकांची धान्याची देवी, लेक पाताळात गेली की शेतं वाळतात आणि लेक आली की पिकं येतात, आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी आल्यावर आईचं होतं ना तसंच काहीतरी. म्हणून सेरीसवरून बघतात की तुला माया कशातून पोचते. समोरच्याचा शनी केंद्रात असला तर तो माया करत नाही असं नाही, कामातून करतो, लाइट बिल भरेल, गाडीची सर्व्हिसिंग करून आणेल पण गोड बोलणार नाही, आणि तुला वाटत राहणार की मी मागतेय नि हा मोजून देतोय. तेव्हा काय पाहिजे ते तोंडाने सांगायचं, रुसून बसायचं नाही. आधी दोघांचे चंद्र बघ, त्यांची युती (दोन्ही एकाच जागी) किंवा नवपंचम (120 अंशांचा कोन) असेल तर मी सेरीसकडे बघतही नाही. आणि 90 अंशांपासून दोन-तीन अंशांच्या वर फरक असेल तर सोडून दे.

तापीकाठची: पण तो चार्ट सायन म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या राशींचा आहे, आपल्या गुरुजींचं निरयन ना? आणि त्याची जन्मवेळ नक्की नाही, होणाऱ्या सासूबाई म्हणतात "दिवे लागायच्या टायमाला"

केळीपट्टा: निरयनात सगळेच ग्रह साधारण 24 अंशांनी मागे सरकतात, राशी बदलेल पण दोघांमधला कोन तोच राहतो. वेळेचं म्हणशील तर सेरीस नि शनी दिवसभरात अर्धा अंशही पुढे जात नाहीत. चंद्र तासाला अर्धा अंश जातो, पण दिवे लागायची वेळ म्हणजे तास-दीड तासाचाच घोळ, चालून जाईल.

धुळ्याचा_शंकेखोर: 940 किमीचा दगड-बर्फाचा गोळा, 2006 पासून बटुग्रह, तो ठरवणार जावईबापू मेसेज करतील का? साखरपुड्यानंतर कधी आजारी पडलीस का, तेव्हा काय केलं त्याने ते आठव.

तापीकाठची: डेंग्यू झाला होता. रोज लॅबमधून रिपोर्ट आणून तारखेप्रमाणे फाइलला लावायचा, प्लेटलेट किती ते पप्पांना सांगायचा. "कशी आहेस" एकदा पण नाही विचारलं.

केळीपट्टा: हाच गं तो शनी, अजून कसा असतो

धुळ्याचा_शंकेखोर: पोराने फाइल लावली आणि क्रेडिट शनीला. चालू द्या.