मदत हवी आहे: मोतीबिंदू नसताना चाळिशीसाठी लेन्स बदलून घेतलेले कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी, वय ५२, सांगलीत राहते, बँकेत नोकरी. लांबचं मला पहिल्यापासून चष्म्याशिवाय लख्ख दिसतं, नंबर शून्य, फक्त जवळचा प्लस २.२५ आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे पण दिवसभर स्क्रीनकडे मान वर करून बघायचं, मधेच कस्टमरचा फॉर्म वाचायचा, घरी भाताच्या वाफेने काच धुरकट, अगदी वैताग आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं की आतली नैसर्गिक लेन्स काढून दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल (लांब, मध्यम, जवळ तिन्ही अंतरांसाठीची कृत्रिम लेन्स) बसवू, चष्मा जवळपास सुटेल आणि पुढे मोतीबिंदूही होणार नाही. मोतीबिंदू आत्ता नाहीये त्यामुळे इन्शुरन्स काही देणार नाही, ते ठीक आहे, पैशाची सोय होईल.

माझी भीती वेगळीच आहे. ओळखीत ज्यांनी ज्यांनी मल्टिफोकल (एकापेक्षा जास्त अंतरांसाठीची, ट्रायफोकल त्यातलीच) लेन्स घातलीय ते सगळे मोतीबिंदूवाले, आणि सगळे खूश आहेत. पण त्यांना आधी सगळंच धुरकट दिसत होतं ना, मग नंतर काहीही घातलं तरी उजेड पडल्यासारखंच वाटणार. ज्यांना लांबचा मोठा प्लस नंबर होता तेही खूश असतात म्हणे, कारण त्यांचा लांबचा आणि जवळचा दोन्ही चष्मा गेला. माझं तसं नाही, माझी लांबची नजर आत्ता उत्तम आहे आणि ऑपरेशननंतर मी तुलना त्याच नजरेशी करणार. म्हणून मोतीबिंदूवाल्यांच्या समाधानावरून मला अंदाज येत नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं, तक्रार नाही. या लेन्सवर बारीक गोल कंगोरे असतात, ते आत येणारा प्रकाश लांब, मध्यम, जवळ असा वाटून देतात, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात थोडं फिकट वाटतं. मेंदूला सवय व्हायला काही महिने लागतात, बहुतेकांना होते, काहींना होत नाही. आई कोल्हापूरला असते, शनिवारी संध्याकाळी मी एकटी गाडी चालवत परत येते, समोरून ऊसाचे ट्रॅक्टर, अप्पर मारत येणाऱ्या गाड्या, त्यात ही वलयं आली तर?

तर ज्यांनी मोतीबिंदू नसताना, निव्वळ चाळिशीसाठी केलंय त्यांनी प्लीज सांगा, पहिल्या महिन्यातलं नको, वर्ष दोन वर्षांनंतरचं सांगा. रात्री गाडी चालवता का? औषधाच्या पट्टीवरची तारीख संध्याकाळच्या उजेडात वाचता येते का की शेवटी चष्मा लावावाच लागतो? आणि मुख्य म्हणजे परत निवड करायची वेळ आली तर हेच कराल का?

कोणी ईडॉफ लेन्स (लांबपासून मध्यम अंतरापर्यंत सलग स्पष्ट दाखवणारी) घातली असेल तर तेही लिहा, त्यात वलयं कमी पण बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो असं डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटर स्पष्ट दिसत असेल तर मला तेवढंही चालेल. मोनोव्हिजन म्हणजे एक डोळा लांबला एक जवळला, ते आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून घरी वापरून बघता येतं ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ट्रायफोकलची अशी चाचणी घेता येत नाही. कोणी तशी ट्रायल घेऊन मग ठरवलंय का?

अजून एक, मेनोपॉजनंतर माझे डोळे कोरडे पडतात, ड्रॉप्स चालू आहेत. कोरडेपणा असला की या लेन्सचा रिझल्ट खराब येतो म्हणून आधी तो आटोक्यात आणा असं कोणाला सांगितलं होतं का, आणि त्याला किती वेळ गेला? बायकांनी याबद्दल मोकळेपणाने लिहा, इथे नको वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

"करून टाका, काही होत नाही" असं कृपया नको, रेटिना, इन्फेक्शन वगैरे धोक्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालंय. मला रोजचं जगणं कसं आहे ते ऐकायचंय. नाखूश असाल तर जरूर लिहा, तुमचा आधीचा नंबर किती होता आणि लेन्स कुठल्या प्रकारची तेही लिहा, पुढच्या आठवड्यात डोळ्याची मापं घ्यायला बोलावलंय, त्याआधी लेन्सचं ठरवायचंय.