ओहायो स्टेटची फुटबॉल टीम बचावाच्या मधूनच का घुसत होती? जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, फुटबॉल म्हणजे अमेरिकन वाला हां. कोलंबसला (ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं गाव) शिकायला आल्यापासून नाद लागलाय, प्रश्न अडाणी वाटला तर सांभाळून घ्या.

30 नोव्हेंबर 2024 ची मॅच परत बघितली, मिशिगनकडून घरच्या मैदानात 13-10 ने हरलो ती. आपला सेंटर आणि लेफ्ट टॅकल (पुढच्या फळीत समोरच्यांना अडवणारे) दोघंही दुखापतीने बाहेर, समोर मिशिगनच्या बचावफळीत मधोमध ग्रॅहम आणि ग्रँटसारखे धिप्पाड गडी, तरी बॉल घेऊन मधूनच घुसायचं, 26 वेळा पळून जेमतेम 77 यार्ड! त्यांचा पास अडवणारा विल जॉन्सन पण नव्हता, मग आपला पास झेलणारा जेरेमाया स्मिथ, त्याच्याकडे सारखे पास का नाही टाकले? तीनच आठवड्यांनी टेनेसीला 42-17 ने धुतलं तेव्हा पास टाकायचं बरं सुचलं.

यात चिप केलींचं (तेव्हाचे आपले आक्रमणाचे डाव ठरवणारे कोच) काही लॉजिक होतं का नुसता हट्ट? रन-पासचं (कधी पळायचं, कधी पास टाकायचा) गणित कोणीतरी सोप्या भाषेत सांगा ना.