पदवीचा प्रबंध आणि मुक्तस्रोत प्रकल्प : तुमचा विषय कसा ठरला?

अर्धविराम :
काल रात्री एक ईमेल आली. नऊ वर्षांपूर्वी मी एका मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा) मजकूर-संपादकाबद्दल नोंदवलेली तक्रार 'बराच काळ हालचाल नाही' असा शेरा मारून एका बॉटने परस्पर बंद केली होती. याच तक्रारीतून माझा पदवीचा प्रबंध निघाला होता, त्यामुळे थोडे वाईट वाटले आणि बरेच काही आठवले.

मी आधी प्रकल्प निवडला होता, विषय नव्हे. रोजच्या वापरातला संपादक, बऱ्यापैकी ओळखीचा कोड, मग त्याचा 'वेग वाढवणे' हाच विषय, असे माझे सरळ गणित होते. मार्गदर्शकांनी दोन पानांचा प्रस्ताव वाचून एवढेच विचारले, "यात काम दिसते आहे, प्रश्न कुठे आहे?" पुढचे तीन आठवडे मी त्या वाक्यावर चिडून होते. मग एके दिवशी सगळा डेटा एकाच ओळीत कोंबलेली एक जेसन फाइल उघडली, कर्सर शेवटाकडे नेला आणि खिडकी गोठली. तोच डेटा ओळी तोडून उघडला, तर काहीही अडले नाही. मजकूर मेमरीत कसा साठवला आहे यावर हे किती अवलंबून असते, हा प्रश्न मला तिथे सापडला. ईमॅक्स हा संपादक गॅप बफर (कर्सरपाशी मोकळी जागा ठेवलेली सलग पट्टी) वापरतो, व्हीएस कोड या संपादकाने २०१८ मध्ये पीस टेबलवर (मूळ मजकूर तसाच ठेवून तुकड्यांची यादी सांभाळणाऱ्या रचनेवर) आधारलेली वृक्षरचना स्वीकारली, काही संपादक रोप (मजकुराच्या तुकड्यांचे झाड) वापरतात. या तिन्ही रचनांवर सारखीच संपादने चालवून वेळ मोजणे, एवढाच माझा प्रबंध झाला. गंमत म्हणजे गोठण्याचे मूळ कारण साठवणीत नव्हतेच, ते ओळ पडद्यावर मांडणाऱ्या भागात होते, आणि माझा अंदाज चुकल्याचे सांगणारे तेच प्रकरण परीक्षकांना सर्वांत आवडले. दोष शेवटपर्यंत सुटला नाही, मी मात्र सुटले.

तुमचा विषय कसा ठरला आणि कुठे फसला, ते कृपया सविस्तर लिहावे.

हॅशटेबल :
फसण्याबद्दलच विचारले आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून सांगतो. किती माणसे सोडून गेली तर एखादा प्रकल्प ठप्प होईल, म्हणजे ज्याला बस फॅक्टर म्हणतात तो मोजण्याचा माझा विषय होता. डाउनलोड लवकर व्हावे म्हणून मी सगळ्या रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पांचा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास असलेले साठे, 'डेप्थ १' देऊन क्लोन केल्या, म्हणजे माझ्या संगणकावर उतरवल्या. माझ्या प्रोग्रॅमने निष्कर्ष काढला की प्रत्येक प्रकल्प एकच माणूस चालवतो, आणि 'परिस्थिती अपेक्षेपेक्षा गंभीर आहे' असे मी मार्गदर्शकांना उत्साहाने कळवूनही टाकले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : "इतिहास डाउनलोड केला आहे का?" केला नव्हता, प्रत्येक ठिकाणी फक्त शेवटचा कमिट, म्हणजे बदलाची शेवटची नोंद, आला होता.

पूर्ण इतिहास आणल्यावर उलटेच झाले. एकच माणूस घरच्या आणि कार्यालयाच्या ईमेलवरून कमिट करत असेल, तर तो दोनदा मोजला जात होता. काही प्रकल्प अशा जोड्या मेलमॅप नावाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतात, बरेच ठेवत नाहीत. शेवटी विषयच तिकडे सरकला : ओळखी एकत्र न केल्यास बस फॅक्टरचा आकडा किती चुकतो? मूळ विषयापेक्षा हा लहान होता, पण माझ्याच्याने झेपणारा होता.

रात्रपाळी :
हॅशटेबल, तुमचा बस फॅक्टर मी बसमध्येच वाचला आणि एकटाच मोठ्याने हसलो. बाजूच्या प्रवाशाला कारण समजावून सांगण्याचा प्रयत्न सपशेल फसला आहे. माझा अनुभव उतरल्यावर लिहीन.

तिसरी घंटा :
माझी चूक वेगळ्या जातीची होती. 'माझा पॅच (कोडमधला बदल) प्रकल्पाच्या मुख्य शाखेत स्वीकारला जाईल' हीच यशाची कसोटी म्हणून मी प्रस्तावात लिहून दिली होती. प्रबंध जमा करण्याची तारीख जवळ आली आणि नेमका त्याच वेळी प्रकल्पात रिलीजपूर्वीचा फ्रीज लागला, म्हणजे दोषदुरुस्तीखेरीज नवीन काहीही आत घेणे बंद झाले. पॅच तसाच पडून राहिला. एका मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) मात्र सौजन्याने लिहिले की काम चांगले आहे, पण परीक्षा झाल्यावर तुम्ही निघून जाल, मग हा भाग सांभाळणार कोण? या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. मी कसोटी बदलून घेतली : जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना, चाचण्या आणि परीक्षणात आलेले आक्षेप परिशिष्टात. हा बदल मान्य करून घेण्यासाठी मला समितीसमोर पुन्हा उभे राहावे लागले, ते सुरुवातीलाच सुचले असते तर बरे झाले असते.

खडू आणि फळा :
मी मार्गदर्शकाच्या बाजूने लिहितो. दरवर्षी कोणी ना कोणी लिनस टॉरवाल्ड्स यांचा दाखला देऊन संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रस्ताव घेऊन येतो. त्यांनी लिनक्सची घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये केली आणि त्यावरचा पदव्युत्तर प्रबंध हेलसिंकी विद्यापीठात १९९७ मध्ये सादर केला, म्हणजे आधी सहा वर्षांचे काम होते आणि मग प्रबंध, हे मी त्यांना सांगतो. एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या साधनसंचाचेही काम इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये सुरू झाले आणि त्याचे निर्माते ख्रिस लॅटनर यांचा प्रबंध २००२ मध्ये आला, तोही पदव्युत्तर. पदवीच्या एका सत्राला ही मापे लावू नयेत.

विषयाला होकार देण्यापूर्वी मी एकच अट घालतो : प्रकल्प स्वतःच्या संगणकावर कंपाइल करून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून), सगळ्या चाचण्या चालवून, कोणत्या कमिटवर काय निकाल आला ते लिहून आणा. अनेक विषय इथेच बदलतात, आणि कधी कधी अडचणच विषय होते. गिट बायसेक्टने, म्हणजे दोष कोणत्या कमिटपासून आला ते शोधणाऱ्या आज्ञेने, १,०२४ कमिटांमधून दोषी कमिट शोधायला साधारण १० चाचण्या पुरतात, कारण प्रत्येक वेळी निम्मे कमिट बाद होतात. पण मधले कमिट कंपाइलच होत नसतील, तर ते वगळत जावे लागते आणि हे गणित कोलमडते. ते कितपत कोलमडते, हे माझ्या एका विद्यार्थिनीने एकाच प्रकल्पाचा इतिहास घेऊन मोजले. तिने कंपाइल न होणाऱ्या कमिटांना कंटाळून विषय बदलायची परवानगी मागितली होती. मीच त्या कंटाळ्याचा प्रस्ताव लिहायला लावला.

शांत कोपरा :
विषय कोडचा नसून माणसांचा असेल, तर एक गोष्ट आधी तपासा. नवख्या योगदात्यांना मेंटेनर कसे वागवतात, हे पाहण्यासाठी मी वेगवेगळ्या बनावट नावांनी पॅच पाठवणार होते. मार्गदर्शक बाईंनी मला २०२१ चे मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण वाचायला दिले. तिथल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेंटेनरांकडे मुद्दाम सदोष पॅच पाठवून ते पकडले जातात का, हे तपासले होते. ते उघड झाल्यावर त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान नाकारले गेले आणि शोधनिबंधही मागे घ्यावा लागला. फुकट वेळ देणाऱ्या लोकांना न विचारता प्रयोगातले उंदीर करायचे नाही, हे बाईंचे शब्द. मग मी फक्त आधीपासून सार्वजनिक असलेल्या चर्चा वाचल्या आणि पहिल्या पॅचला पहिले उत्तर यायला किती दिवस लागतात, ते मोजले.

पहिलीच वेळ :
मला पुढच्या महिन्यात विषय द्यायचा आहे. नावाजलेला मोठा प्रकल्प घ्यावा की लहान? मोठ्याचे नाव प्रबंधावर छान दिसेल, असे घरी सगळ्यांचे मत आहे.

अर्धविराम :
पहिलीच वेळ, गेल्या तीन महिन्यांत बाहेरच्या लोकांच्या किती पॅचना माणसाने लिहिलेले उत्तर मिळाले, ते दोन्ही प्रकल्पांत मोजून पाहा. एका संध्याकाळचे काम आहे. घरच्यांना तो आकडा दाखवा.

तिसरी घंटा :
आणि अर्धविराम, ती बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येते की नाही?

अर्धविराम :
आत्ताच उघडली, आणि ओळ मांडणाऱ्या भागाची माझी जुनी मापे खाली जोडली. बॉटने दहा सेकंदांत तिला 'माहिती अपुरी' अशी चिठ्ठी लावली आहे.