पूर उतरल्यावर घर पुन्हा उभं करताना: कृष्णा-दूधगंगा काठच्यांनी अनुभव लिहा

२००५, २०१९ आणि २०२१. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, निपाणी, कागवाड, रायबाग तालुक्यांत पुराची ही तीन वर्षं कुणाला विचारावी लागत नाहीत, भिंतीवरच्या रेघांवर दिसतात. पुढचा पूर येणारच आहे, तेव्हा बांधणाऱ्याला उपयोगी पडेल असं लिहा: माप, प्रमाण, क्रम, काय बिघडतं आणि का. "फार हाल झाले" हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर अलमट्टी धरणामुळं की कोयना धरणामुळं हा वाद कृपा करून इथं नको, तो चहाच्या टपरीवर छान रंगतो.

सुरुवातीला एकच गोष्ट ध्यानात ठेवू. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. कृष्णा तुडुंब असली की मागच्या नद्यांचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा येतो. म्हणजे आपल्याकडं पाणी बहुतेक ठिकाणी धडक देत नाही, चढतं आणि आठ-दहा दिवस मुक्काम करतं. घटप्रभा-मलप्रभेकडची गोष्ट थोडी वेगळी, तिथं ओढही असते.

सदलगा, गवंडीकाम

बरोबर बोललात. म्हणूनच आमच्याकडं घर पाणी चढताना पडत नाही, पाणी उतरल्यावर पडतंय. पांढऱ्या मातीची दोन फुटी भिंत पाण्यात असताना तिला दोन्ही बाजूंनी पाण्याचा टेका असतो. पाणी गेलं की टेका गेला, भिंत मात्र चिखलासारखी मऊ, आणि वर कौलाचा, आढ्याचा, माळ्याचा सगळा भार. ऊन पडलं की "आता वाळतंय" म्हणून माणसं आत शिरतात. तेच दोन-चार दिवस सगळ्यात वाईट.

क्रम असा धरा. आधी बाहेरून बघायचं. वळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा, भिंत दहा फुटांत दोन इंचांपेक्षा जास्त कलली असेल तर आत पाऊल नको. मग टेकू: निलगिरीचे वासे, बुडाशी फळी, भिंतीच्या वरच्या तिसऱ्या भागाला टेकवून. वासा नुसता मातीत रोवला तर ओल्या जमिनीत रुततो आणि टेकू नावापुरता राहतो. मग वरून वजन उतरवा, माळ्यावरचं भिजलेलं धान्य, लाकूडफाटा, गरज वाटली तर कौलंसुद्धा. सगळ्यात शेवटी गाळ.

गाळ काढायचीही पद्धत आहे. आतला सगळा काढला आणि बाहेर दोन फूट तसाच राहिला तर बाहेरचा ओला गाळ भिंतीला आत ढकलतो. आत अर्धा फूट, बाहेर अर्धा फूट, असं जोडीनं उतरायचं. गाळ ओला आहे तोवर फावड्याला येतो, वाळला की कुदळ लागते आणि कुदळीच्या दणक्यानं भिंत हलते.

चिरा कुठं हलत्या आहेत हे बघायला काचेची पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा. पंधरा दिवसांत काच फुटली तर भिंत अजून सरकतेय, गिलाव्याचं नाव काढू नका.

पाण्याच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंतचा जुना गिलावा झाडून काढा, भिंतीला श्वास घेऊ द्या. आणि एवढं तरी ऐका: मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आत कोंडते, लोणा लागतो (खार फुटतो), दोन पावसाळ्यांत गिलावा ढलप्यांनी सुटतो आणि जाताना माती घेऊन जातो. एक भाग चुना, तीन भाग वाळू. चुना पंधरा दिवस तरी पाण्यात विरवलेला पाहिजे. किंवा पांढरी माती, गव्हाचं भुसकट आणि शेण मळून आठ दिवस मुरवलेलं लिंपण. भिंत वाळली का हे बोट लावून कळत नाही. एक फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बसवा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर थांबा. ऑगस्टला भिजलेली दोन फुटी भिंत दिवाळीआधी वाळत नाही, घाई केली तर रंग सोडून देतोच.

बूड खाल्लेली भिंत सगळी पाडायची गरज नसते. तीन फुटांचा तुकडा पोखरायचा, तिथं दगड चुन्यात बसवायचा, मग तीन फूट सोडून पुढचा. लागोपाठचे दोन तुकडे एकदम उघडले की वरची भिंत खाली.

चिकोडी, निवृत्त बांधकाम अभियंता

गवंडी अण्णांनी जुन्या घराचं लिहिलं, मी नव्याचं लिहितो. इथली सगळी मेहनत जोत्यात आणि जोत्याखाली आहे. वरचं कुणीही बांधतं.

काळ्या मातीचा स्वभाव सांगायला नको: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तीन फुटांवर थांबवला की घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं, आणि चिरा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या निघतात. काळी माती पाच-सहा फूट असेल तर सगळी काढून कठीण मुरमापर्यंत जा. त्याहून खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, घ्या: साधारण साडेतीन मीटर खोल, दांडा २५ ते ३० सेंटिमीटर, खालचा फुगा दांड्याच्या अडीचपट. वरच्या बीमखाली तीन इंच पोकळी ठेवायची, माती फुगली तरी बीमला धक्का लागू नये म्हणून. ही पोकळी सेंट्रिंगवाला हमखास भरून टाकतो, "साहेब, खाली जागा राहिली होती." तिथं उभं राहा.

भरावाचा हिशोब. २० बाय २५ फुटांचं घर, जोतं तीन फूट उचलायचं: १५०० घनफूट, म्हणजे १५ ब्रास. ठोकून बसल्यावर कमी होतो, म्हणून १८-१९ ब्रास मुरूम मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुमसानं ठोकणं. ट्रॉली एकदम ओतून वरून पाणी सोडलं की वरचं कडक दिसतं, आतलं पोकळ राहतं, आणि पहिल्याच पुरात फरशी मध्ये खचते. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून भरावाला वापरू नका, फरशी फुगून उचलते.

उंच जोत्याची भिंत आतल्या ओल्या भरावानं बाहेर फुगते, हा दुसरा नेहमीचा दोष. दगडी बांधकामात दर चार फुटांवर आरपार जाणारा दगड हवाच. शिवाय खालच्या बाजूला दोन इंची पाइपाची भोकं, मागं खडी. पाणी उतरताना आतलं पाणीही उतरलं पाहिजे. वर ९ बाय ९ इंचांचा जोता-बीम, १२ मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा सहा इंचांवर. कोपऱ्यात सळया नुसत्या एकमेकांना भिडवू नका, वळवून दीड-दोन फूट पलीकडं न्या. बेळगाव जिल्हा भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतो, तेव्हा असाच पट्टा चौकटीच्या वरही असू द्या.

आता जुगूळ-मंगावतीसारखी कृष्णेच्या अगदी काठची गावं. तिथं दहा फूट पाणी आलं तर तीन फुटांच्या जोत्यानं काय होणार? तिथं जोतं वाढवण्यापेक्षा वर पक्का माळा आणि बाहेरून जिना, हा खर्च शहाणपणाचा. जिना आतून ठेवू नका, पाण्यात तो सापडत नाही.

निपाणी, विटांच्या बाबतीत

काका, एक पुरवणी. पक्क्या भट्टीच्या विटांना पैसे नसतील तर मशीनवर दाबलेली सिमेंट-मातीची वीट चालते, पण माती बघून. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून रात्रभर ठेवायची. थर पडतात. वाळू साठ टक्क्यांच्या वर आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के असेल तर उत्तम. आपली काळी माती यात नापास. पुराचा गाळही बारीक असतो, त्यात क्रशरची कच आणि मुरूम मिसळल्याशिवाय नको.

सिमेंट सात-आठ टक्के. २३ बाय १९ बाय १० सेंटिमीटरची वीट साधारण आठ किलो भरते, म्हणजे एका पोत्यात ८० ते ९० विटा. ओलावा बघायचा तर मूठभर माल लाडवासारखा वळून कंबरेएवढ्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. एकवीस दिवस गोणपाटाखाली ओली ठेवायची. इथंच फसतं, कारण पूरग्रस्त माणसाला घाई असते आणि सातव्या दिवशी विटा भिंतीत जातात. वापरण्याआधी एक वीट चोवीस तास बादलीत बुडवून बघा, कोपरा नखानं निघाला तर त्या लॉटला हात लावू नका. आणि जोत्यापर्यंत ही वीट नकोच, तिथं दगड.

बोरगाव, पंचायतीच्या कागदांचं

घर दगडाचं असतं, पैसा कागदाचा. २०१९ नंतर नुकसानीचे तीन वर्ग केले: ७५ टक्क्यांच्या वर ए, २५ ते ७५ बी, १५ ते २५ सी. त्या वेळी ए वर्गाला पाच लाख होते, तेही टप्प्यानं: पाया, लिंटेल (चौकटीवरचा पट्टा), छप्पर अशा फोटोंवर. यात तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, उतारा आजोबांच्या नावावर आणि चुली चार. घर क्रमांक एक तर मंजुरी एक. वारसा नोंद पूर यायच्या आधी करून ठेवा, नंतर चार भाऊ एका मताचे होत नाहीत. दोन, पंचनामा व्हायच्या आत पडकी भिंत साफ केली तर ए चा सी होतो. तारीख येईल असे फोटो चारी बाजूंनी, आतून-बाहेरून, पाण्याची रेघ दिसेल असे. तीन, जुन्या जागेवर मंजुरी आणि बांधकाम मळ्यात. फोटो जागेसकट नोंदला जातो, हप्ता थांबतो. जागा बदलायची असेल तर आधी पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी) लेखी द्या आणि पोच घ्या. कानडीत अर्ज येत नाही म्हणून कुणाच्या तरी हातात कोरा कागद सही करून देऊ नका. नाडकचेरीसमोर (महसूल कचेरी) लिहून देणारे असतात, वाचून घ्या.

अंकली, वायरमन

थोडक्यात. मीटर आणि बोर्ड रेघेच्या वर, वायर छताकडून खाली आणा, जमिनीतून वर नाही. भिजलेले स्विच, होल्डर, एमसीबी वाळवून वापरू नका, आत गाळ राहतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावा, मीटरजवळच. मोटार उघडून वाइंडिंग वाळवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) एक मेगाओमच्या खाली दाखवत असेल तर चालू करू नका. हेस्कॉमनं (वीज कंपनीनं) लाइन सोडली म्हणजे घरातलं ठीक आहे असं नव्हे.

येडूर, आरोग्याचं काम

विहिरीचं गणित सगळ्यांनी पाठ करा. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, की लिटर मिळाले. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी: सुमारे २८,००० लिटर. रोजच्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग, म्हणजे ७० ग्रॅम. पण पुरानंतर आधी विहीर उपसा, गाळ काढा, मग पहिला जड डोस: याच विहिरीला चार-पाच किलो, चोवीस तास ठेवून पुन्हा उपसा. त्यानंतर रोजचा.

पावडर थेट ओतायची नाही. बादलीत लापशी करा, पाऊण बादली पाणी, दहा मिनिटं ठेवा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत. खालचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळची बादली दोरानं तळापर्यंत सोडून खालीवर हलवा, एक तास थांबा. उघड्या पोत्यातली, गोळे झालेली पावडर निकामी असते, तिनं नुसती मनाची समजूत होते.

शौचालयाचं: काळ्या मातीत शोषखड्डा मुरत नाही. खड्ड्याच्या चारी बाजूंनी फूटभर जाड वाळू-खडीचं वेष्टण द्या, आणि विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लांब. काठच्या गावांत खड्डा थोडा जमिनीच्या वर उचलून मातीचा भर द्या. जमीन अजून ओली असताना सेप्टिक टाकी उपसून रिकामी करायची नाही. बाहेरचं पाणी रिकाम्या टाकीला उचलतं किंवा भिंत आत ढकलतं. घाण परत घरात येऊ नये म्हणून पाइपाला उलट न येणारा व्हॉल्व्ह बसवा, चार इंची चालतो.

कारदगा, बचत गटातली

पुनर्वसनाच्या प्लॉटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ३० बाय ४० च्या तुकड्यावर दोन म्हशी, वैरण, शेणी, उसाची पाचट आणि सायकल कुठं ठेवायची? नकाशा काढणाऱ्यानं गोठा धरलेलाच नसतो. म्हणून माणसं झोपायला नव्या घरात आणि दिवसभर जुन्या गावात, मग हळूहळू सगळंच जुन्याकडं. ग्रामसभेत घराच्या आधी गोठा मागा. प्रत्येकाला जमत नसेल तर गल्लीमिळून एक उंच चौथरा: एका जनावराला साधारण ४० चौरस फूट, चढायला रुंद उतार (पायऱ्या नकोत, म्हैस पायरी चढत नाही), वर पत्रा, बाजूला पाण्याची टाकी. पंधरा जनावरांना ६०० चौरस फूट. गल्लीतल्यांनी मिळून बांधलं तर गल्लीच वापरते, रस्त्याच्या कडेला पंचायतीनं बांधलं तर तिथं ट्रॅक्टर उभे राहतात.

माळ्याचं वजन अक्कांनो मोजा. ज्वारीचं ५० किलोचं पोतं, दहा पोती म्हणजे अर्धा टन, आणि ते आपण नेमकं मधोमध रचतो. भिंतीकडेला, तुळईवर रचा. कणगीपेक्षा झाकणाचं प्लास्टिक पिंप बरं, पण रिकामं पिंप बांधून ठेवा, नाहीतर तरंगत दुसऱ्याच्या दारात जातं.

कुन्नूर, प्रश्न

कौल महाग झालंय, पत्रा टाकला तर?

सदलगा, गवंडीकाम

चालतो, पण पत्रा हलका, वारा उचलतो. जे-हुक वाकवून नुसते अडकवू नका, नट-वॉशर लावा, पत्र्याच्या उंचवट्यावर भोक पाडा, खोलगटात नाही. आणि मातीच्या भिंतीवर थेट वासा ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा काँक्रीटचा पट्टा द्या. खाली भिंत ओली असेल तर छप्पर आत्ता नको. आधी ताडपत्री टाकून ठेवा, प्लास्टिकच्या कागदानं विचारा, मग मला बोलवा.