ट्रान्सफॉर्मरचे तेल फिल्टर केल्यावर बीडीव्ही वाढतो आणि पुन्हा घसरतो. तेल बदलावे का?

प्रश्न (कारखाना देखभाल)

नमस्कार. आमच्या साखर कारखान्यात ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए क्षमतेचा सुमारे २२ वर्षे जुना ट्रान्सफॉर्मर आहे. गाळप सुरू होण्याआधी तेलाचा बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजला तग धरते तो आकडा) २८ केव्ही आला, म्हणून ठेकेदाराकडून दोन दिवस फिल्टरेशन करून घेतले आणि तो ६२ पर्यंत गेला. जानेवारीच्या नमुन्यात मात्र तो ३४ वर आला आहे. त्याच अहवालात आम्लता ०.२७ मिलिग्रॅम केओएच प्रतिग्रॅम आणि आंतरपृष्ठीय ताण (तेल व पाणी यांच्या सीमेवरचा ताण) १८ मिलिन्यूटन प्रतिमीटर असे आकडे आहेत. तेलाचा रंग काळ्या चहासारखा दिसतो. ठेकेदार पुन्हा फिल्टर करा म्हणतो, तर आमच्या वरिष्ठांना सगळे तेल बदलायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त चाचणी अभियंता)

बीडीव्हीवरून तेलात पाणी आणि तंतू किती आहेत एवढेच समजते. तेल किती जुनाट झाले आहे ते आम्लता आणि आंतरपृष्ठीय ताण सांगतात, आणि आपला खरा प्रश्न तिथे आहे. फिल्टर मशीन तेल साधारण ६० अंशांपर्यंत तापवते, बारीक फिल्टर-काडतुसांतून गाळते आणि निर्वातात त्यातील पाणी व वायू ओढून घेते. परंतु ऑक्सिडेशनने तयार होऊन तेलात विरघळलेली आम्ले जशीच्या तशी राहतात. नव्या तेलाचा आंतरपृष्ठीय ताण ४० च्या आसपास असतो. तो १८ वर येणे म्हणजे गाळ धरण्याची वेळ जवळ आली आहे. हा गाळ वाइंडिंगमधल्या (तारांच्या गुंडाळ्यांमधल्या) तेलाच्या वाटांत आणि रेडिएटरमध्ये बसला की थंडावा कमी होतो, तापमान वाढते आणि तेल आणखी वेगाने खराब होते.

बीडीव्ही पुन्हा का घसरला, याचे उत्तर कागदात आहे. ट्रान्सफॉर्मरमधील बहुतेक सर्व पाणी तेलात नसून वाइंडिंगवरच्या कागदात आणि प्रेसबोर्डमध्ये (दाबलेल्या पुठ्ठ्यात) असते. दोन दिवसांत आपण तेल कोरडे केले, पण हंगामात लोड वाढून वाइंडिंग तापले आणि कागदाने आपले पाणी तेलात सोडले. एक समाधान आहे : या व्होल्टेजला चालू ट्रान्सफॉर्मरसाठी ३० केव्ही ही किमान मर्यादा मानतात, त्यामुळे ३४ वर ऐन हंगामात तो बंद करण्याची घाई नाही.

उत्तर २ (तेल पुनरुज्जीवनाचे काम करतो)

वरील म्हणण्याशी सहमत आहे. फक्त तेल बदलण्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. टाकी पूर्ण रिकामी केली तरी सुमारे दहा टक्के जुने तेल कागदात आणि लाकडी आधारांत मुरलेले राहते. आपल्या ०.२७ आम्लतेचा दहावा भाग धरला, तर नवे तेल पहिल्याच दिवशी ०.०२७ घेऊन सुरुवात करते, शिवाय वाइंडिंगवर बसलेला गाळ तसाच राहतो. पुनरुज्जीवनात तेच गरम तेल मुलतानी मातीच्या थरांतून पुन्हापुन्हा फिरवतात. माती आम्ले आणि इतर ध्रुवीय घटक शोषून घेते, आम्लता ०.०३ च्या आसपास आणता येते आणि गरम, स्वच्छ झालेले तेल आतल्या गाळाचाही काही भाग विरघळवून बाहेर आणते. मात्र मातीबरोबर तेलातील संरक्षक द्रव्यही कमी होते, म्हणून शेवटी सुमारे ०.३ टक्के डीबीपीसी (ऑक्सिडेशन रोखणारे द्रव्य) मिसळणे आवश्यक असते. ते मिसळले आणि तपासले याचा अहवाल मागून घ्या, कारण काही ठेकेदार हा टप्पा वगळतात. (आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतो आहे, पण ते खरे आहे.)

उत्तर ३

ब्रीदर (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणारे उपकरण) पाहिला का? त्यातले सिलिका जेल निळे (कोरडे) आहे की गुलाबी (ओलावलेले)? खालच्या कपात तेल आहे का? कपच कोरडा असेल तर बाहेरची दमट हवा जेलला थेट आणि सतत लागून राहते. दुसरे, कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी विरघळलेल्या वायूंच्या चाचणीसाठी नमुना घ्या. निर्वात प्रक्रियेने हे वायू निघून जातात आणि आत कुठे ठिणगी पडत असल्याची ॲसिटिलीनची खूण त्यांच्याबरोबर पुसली जाते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सकाळी पाहिले, तर जेल तळापासून अर्ध्याहून अधिक गुलाबी आणि कप पूर्ण कोरडा होता; ऑक्टोबरमध्ये फिल्टरेशन करताना त्याकडे कोणीही लक्ष दिले नव्हते. जेल बदलून कप भरला आहे. वायूंच्या चाचणीचा नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधून आधी दोन लिटर तेल वाहू देऊन, काचेच्या सिरिंजमध्ये बुडबुडा राहू न देता घेतला. गाळप संपल्यावर पुनरुज्जीवन करण्याचा प्रस्ताव ठेवतो आहे. तोपर्यंत बीडीव्ही किती दिवसांनी तपासावा?

उत्तर १

पंधरा दिवसांनी, आणि नमुना घेताना तेलाचे तापमान आवर्जून लिहा. गरम तेलात पाणी विरघळून राहते : नव्या तेलात २० अंशांना जेमतेम ५० पीपीएमच्या (दशलक्षात ५० भागांच्या) आसपास मावते, ६० अंशांना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे तापमानाशिवाय दोन नमुन्यांची तुलना होत नाही. आकडा ३० च्या खाली गेला, तर हंगामाची वाट पाहू नका.