मांगाचा (म्हणजे जपानी चित्रकथेचा) सिनेमा होतो तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

चिंचगूळ :
भाचा राहायला आलाय. काल जेवताना टॅब पेल्याला टेकवून उभा, ताटातली भेंडी गार, आणि पडद्यावर कोण, तर मांगातला तलवारबाज केन्शिन! २०१२ चा पहिला सिनेमा. म्हटलं, अरे हा तर माझा हिरो. तर म्हणे, "मावशी, तुझ्या वेळी हे होतं?" कान पिळायचा सोडून मीच शेजारी बसले ती शेवटची नावं येईपर्यंत उठले नाही. सगळं परत आठवलं, म्हणून हा धागा.

आधी मांगा वाचलेल्या माणसाला खऱ्या माणसांच्या सिनेमाची धास्तीच असते. केन्शिनचा मूळ मांगा वात्सुकींचा, शोनेन जंप या जपानी साप्ताहिकात १९९४ ते १९९९ चालला. लाल केस, गालावर फुलीचा व्रण, उलट्या धारेची तलवार. कागदावर हे झकास दिसतं, माणसावर चढवलं की गणेशोत्सवातल्या नाटकातला कृष्ण होतो. दिग्दर्शक केइशी ओतोमोनं तिथेच शहाणपणा केला. केस नुसते तांबूस ठेवले, कपडे मळवले, मेइजी काळातलं (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं) तोक्यो धुळकट केलं. तो एनएचके या जपानी वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेतून आलेला, आणि केन्शिन झालेला ताकेरु सातोही त्याच मालिकेत होता.

आणि मारामाऱ्या! त्या बसवणारा केंजी तानिगाकी हा हाँगकाँगच्या सिनेमात तयार झालेला गडी. सातो भिंतीवर पाय रोवून पळतो, जमिनीलगत घसरत तलवारीखालून निसटतो. पण मला आवडतं ते वेगळंच. धार उलटी, म्हणून त्याचे वार नाहीत, फटके आहेत. माणसं कापली जात नाहीत, हाडं मोडून आडवी होतात. जीव न घेण्याची शपथ पात्राला सारखी बोलून दाखवावी लागत नाही, मारामारीतच दिसते. माझं मत विचाराल तर असे सिनेमे फसतात ते चित्राची नक्कल करायला जातात म्हणून. चित्र सोडा, माणूस पकडा.

लिहा आता. शिव्याही चालतील.

हळद्या :
ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन.
एवढंच लिहून थांबणार होतो, राहवत नाही. दप्तर फेकून कार्टून नेटवर्कसमोर बसणारी आमची पिढी. २००९ साली काय बघावं लागलं, तर गोकू अमेरिकन हायस्कुलात, पोरीपुढे लाजतोय!! पटकथा लिहिणाऱ्यानं २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. मूळ मांगा काढणाऱ्या तोरियामांनीही नाराजी बोलून दाखवली होती. आमच्या तिकिटाचे पैसे कोण देणार?

सुपारीएवढी :
@हळद्या तू थेटरात जाऊन बघितलास?? 🙏 साष्टांग.

हळद्या :
चौघं गेलो होतो. मध्यंतरानंतर दोघं होतो.

बोरकूट :
डेथ नोट, २००६ चा जपानी. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, ती गोष्ट. दोन भाग त्याच वर्षी आले. केनइची मात्सुयामाचा एल, म्हणजे त्यातला गुप्तहेर, बघा. खुर्चीवर उकिडवा, सतत गोड खातोय, फोन दोन बोटांच्या चिमटीत. मांगातल्या सगळ्या लकबी आहेत, म्हणजे धागाकर्तीच्या मताच्या बरोब्बर उलटं. नक्कलच आहे, तरी चालली. कारण त्याला बघताना वाटतं की हा माणूस दुसऱ्या कसा बसूच शकत नाही. बाकी २०१७ चा अमेरिकन घरात कुणी लावू नये. आणि जपानीचा शेवट तर मांगापेक्षा भारी, एल स्वतःच वहीत आपलं ना

पाटावरवंटा :
ओ!!!! मी अजून बघितला नाहीये!

बोरकूट :
सॉरी सॉरी. दुसऱ्या कसा नाही, दुसऱ्या कशा पद्धतीनं. बसमध्ये आहे, अंगठ्यानं टाइप करतोय.

चिंचगूळ :
@बोरकूट मान्य. एलच्या बाबतीत लकब हाच माणूस आहे. पण असा एखादाच.

समुद्रफेस :
मला मांगा वगैरे काही कळत नाही हो. पण जपानी दिग्दर्शक कोरे-एदाचा चार बहिणींचा सिनेमा (२०१५) दोनदा बघितला आणि मग मुलीनं सांगितलं की तोही मांगावरच आहे, अकिमी योशिदांच्या. मी उडालेच. त्यात ना तलवार ना राक्षस. वडील वारतात, तिघी मोठ्या बहिणी अंत्यविधीला जातात, तिथे धाकटी सावत्र बहीण भेटते आणि तिला कामाकुराला घरी घेऊन येतात, बास. अंगणातल्या झाडाचे उमे (आंबट जपानी फळं) उतरवून त्याची दारू घालतात. प्रत्येक फळाला बारीक भोकं पाडत बसतात सगळ्या. आणि टोस्टवर ती इवलीशी पांढरी मासळी पसरून खातात! मला थेट जवळा आठवला.

तिसरीकालवं :
जवळा नाही ताई, जवळा ही कोळंबीची जात. ती शिरासु, माशाची पिल्लं. पण विषय निघालाच आहे तर सुक्या जवळ्याच्या चटणीत कैरी घालता की कोकम?

समुद्रफेस :
कैरी मिळाली तर कैरीच.

लाटकर :
कोकम. वाद नको.

खडीसाखर_पुणे :
जपानी शिकत होते तेव्हा सेन्सेईंनी (आमच्या शिक्षकांनी) वर्गात थेर्मे रोमे (२०१२) दाखवला. रोमन हमामखाने बांधणारा इंजिनियर पाण्यात बुडतो आणि थेट आजच्या जपानच्या सार्वजनिक स्नानगृहात वर येतो. तिथल्या म्हाताऱ्यांना बघून तो त्यांना 'चपट्या तोंडाची जमात' म्हणतो, वर्ग हसून लोळत होता. रोमन कोण, तर हिरोशी आबे! जपानी नटच, फक्त नाक डोळे ठसठशीत. चित्रीकरण मात्र खऱ्या रोममध्ये, चिनेचित्ता स्टुडिओत उभ्या असलेल्या मालिकेच्या सेटवर. त्या दिवशी व्याकरण शून्य शिकलो, पण दुधाच्या बाटलीचं झाकण कसं काढायचं ते पाठ झालं. पोरांना भांडी घासायला बसवलंय, बघून येते.

पाटावरवंटा :
ही गोष्ट वेगळी लागते कारण ती विनोदी आहे. विनोदात विग खपतो. गंभीर सिनेमात खपत नाही. २०१७ चा फुलमेटल अल्केमिस्ट घ्या, तोही मांगावरचा. इटलीत जाऊन शूट केलं, गल्ल्या खऱ्या युरोपातल्या, आणि त्यात सोनेरी विग घातलेली जपानी पोरं. मला गल्ल्यांकडे बघू की केसांकडे असं झालं. अटॅक ऑन टायटनमध्ये (२०१५) तर लीवाय या लाडक्या पात्रालाच काढून टाकलं! लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तोच गायब, त्याच्या जागी नवाच कुणीतरी शिकिशिमा. राक्षस मात्र भीतिदायक होते, ते देईन. माणसंच टायटन केलेली, म्हणून ते हसणं अंगावर येतं.

सुपारीएवढी :
विगवरून आठवलं, कन्येला कॉमिक कॉनला जायचंय आणि केस गुलाबी करायचेत. दहावी आहे. धुतल्यावर जाईल असा रंग माहितीये का कुणाला? सासूबाई यायच्या आत जायला हवा.

तिसरीकालवं :
विगच घे गं. गंभीर सिनेमा नाहीये तो. 😄

एकटा_जीव :
ओल्डबॉय (२००३) कोरियन आहे म्हणून कुणी लिहिलं नाही का? मूळ जपानी मांगाच आहे. मांगात नायक दहा वर्षं कोंडलेला, पार्क चान-वूकनं पंधरा केली. आणि कोंडायचं कारणच बदललं. मांगातलं कारण वाचून मी म्हटलं, एवढ्यासाठी? सिनेमातलं ऐकून रात्री झोप नाही. २००४ ला कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पारितोषिक उगाच नाही मिळालं. अख्खा शेवट बदलूनही इतका चांगला होऊ शकतो हे मूळ मांगाशी इमान, इमान करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि याच गोष्टीवरचा आमच्या संजय दत्तचा झिंदा (२००६) मी आधी बघितला होता, हे कुणाला सांगत नाही.

लाटकर :
झिंदामध्ये चौदा वर्षं कोंडलाय. आपल्याकडे आलं की वनवासच होणार 😂

एकटा_जीव :
अरे!! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चिंचगूळ :
@एकटा_जीव हातोडीची ती बोळातली मारामारी, एका सलग शॉटमध्ये. तिथेही नायक दमतो, धापा टाकतो, पाठीत सुरा घेऊन चालतो. मी म्हणत होते ते हेच. दमणारा माणूस कागदावर काढता येतो, पण पडद्यावर तो श्वास ऐकू येतो.

बरं, आता खरी मदत हवीये. भाच्याला केन्शिनचे पाचही बघायचेत. २०२१ ला शेवटी आलेला 'बिगिनिंग' कथेत सगळ्यात आधी घडतो. त्यात अजून खरी धार आहे, रक्ताचे पाट आहेत, आणि व्रणाची गोष्ट आहे. आधी दाखवू की शेवटी?

बोरकूट :
आले त्याच क्रमानं. आधी हसरा, भोळसट केन्शिन आवडू दे, मग तो काय होता ते कळू दे. बिगिनिंगमधली तोमोए, त्याची बायको, शेवटीच भेटायला हवी.

पाटावरवंटा :
असहमत. आधी बिगिनिंग. मग पहिल्या सिनेमात तो हसतो ना, ते वेगळं दिसतं.

बोरकूट :
तू आधी डेथ नोट बघ, मग बोल.

समुद्रफेस :
भाचा किती वर्षांचा? रक्ताचे पाट म्हणताय.

चिंचगूळ :
सतरा. पण भेंडी संपवल्याशिवाय काहीच लावणार नाहीये.