अनुभव हवेत: शिकता शिकता काही बनवून विकलंय का?

टाचणी२१

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उद्योजकता नावाचा ऐच्छिक विषय घेतला, कारण त्याला परीक्षा नाही असं सीनियर म्हणाले होते. परीक्षा नाहीच, पण एक पान लिहून द्यायचं होतं: वर तीन वस्तूंच्या कल्पना आणि खाली ‘व्यवसायासाठी माझ्या जमेच्या बाजू’.

कल्पना भराभर सुचल्या. पावसात शीट कोरडी ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, मॉडेलचा पुठ्ठा कापताना बोट वाचवणारी पट्टी आणि ओली छत्री बॅगेत ठेवायची पिशवी. जमेच्या बाजू लिहिल्या: मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड, टीममध्ये काम करण्याची तयारी.

मॅडमनी कल्पनांवर चकार शब्द काढला नाही. खाली लाल पेनाने लिहिलं, ‘ही यादी वर्गात कोणाच्याही पानावर चालेल. तुझी कुठे आहे?’

दोन दिवस तेच डोक्यात आहे. म्हणून हा धागा. विद्यार्थी असताना तुम्ही काय विकलंत, ते कसं सुचलं, आणि तुमच्यातलं नेमकं काय कामी आलं किंवा नडलं? फसलेले किस्से आधी.

पाठकोरा

माझी वस्तू माझ्या नावातच आहे. लायब्ररीतल्या प्रिंटरशेजारी चुकलेल्या प्रिंट्सचं खोकं असायचं, रोज भरलेलं. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. परवानगी काढून ते कागद घेतले, अर्धे कापले, स्पायरल घातलं आणि वह्या केल्या. झाडं वाचवा वगैरे सांगून पहिल्या वीस हातोहात गेल्या. कौतुकही झालं. दुसऱ्यांदा मात्र कोणी फिरकलं नाही. मागची छपाई आरपार दिसते आणि लिहिताना डोळ्याला खुपते, हे मला सांगायला एकही जण आला नव्हता. मीच एकेकाच्या मागे लागून विचारलं तेव्हा कळलं.

त्यातलाच एक म्हणाला, मला गणिताच्या कच्च्या कामाला दे, फाडून फेकायचंच असतं. मग स्पायरल काढून टाकलं. कागद नीट ठोकून एका कडेला गोंद लावायचा, वाळला की पॅड तयार. पान अलगद सुटतं, खर्च जवळजवळ अर्ध्यावर. कच्च्या कामात मागच्या छपाईकडे कोण बघतं? ती पॅडं पुढे तीन सेमिस्टर चालली.

माझं बळ म्हणशील तर मला कंटाळा येत नाही. मदतीला आलेले मित्र अर्ध्या तासात पळायचे. मी रात्री दोनपर्यंत कागद चाळत बसायचो, त्यात कोणाची गुणपत्रिका किंवा अर्ज आला की फाडून टाकायचो. (हे करावंच लागतं. एकदा एकीचा वैद्यकीय दाखला पॅडमध्ये गेला आणि तिची माफी मागताना जीव नकोसा झाला.)

नडलं काय तर हिशेब. माझा वेळ मी फुकट धरला होता. एका पॅडला बारा मिनिटं, म्हणजे तासाला पाच. त्या पाच पॅडांवर सुटायचं त्याहून जास्त मला तासभर शिकवणी घेऊन मिळालं असतं.

अर्धवट_आकाश

आम्ही अभ्यासाचं वेळापत्रक आपोआप लावून देणारं अॅप करणार होतो. तीस जणांना विचारलं, वापराल का? तीसच्या तीस हो म्हणाले. चार महिने कोड लिहिला. मग पहिल्या महिन्याची वर्गणी आगाऊ मागितली. दोघांनी दिली, त्यातली एक माझी मावसबहीण.

तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून लोक हो म्हणतात. ड्रॉपबॉक्सवाल्यांनी (फाइल ऑनलाइन ठेवायची सेवा) वस्तू सर्वांसाठी खुली करायच्या आधी ती कशी चालेल याची छोटी चित्रफीत दाखवली, आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. ही गोष्ट मी वाचली ती आमचे चार महिने पाण्यात गेल्यावर. निदान ‘वापराल का’ ऐवजी ‘आत्ता कसं करता’ एवढं विचारलं असतं, तरी कळलं असतं की मुळात कोणी वेळापत्रकच लावत नाही.

जमेची बाजू? चुकलं हे चार महिन्यांत मान्य केलं. जोडीदार अजून फीचर वाढवतोय.

सुटा_स्क्रू

मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण चार माणसांसमोर वस्तू विकणं वगैरे शक्य नाही. त्यामुळे धंदा आपला नव्हे अशी ठाम समजूत होती.

होस्टेलमध्ये हेडफोन, चार्जर, लॅपटॉपचे बिजागर दुरुस्त करायचो. पैसे घ्यायचो नाही, फक्त वहीत नोंद ठेवायचो: वस्तू, बिघाड, काय केलं. सवय म्हणून. दुसऱ्या वर्षाअखेर वही सहज चाळली तर ६१ नोंदी, आणि त्यांतल्या ३८ मध्ये एकच बिघाड. वायर प्लगमध्ये शिरते तिथली मान मोडलेली. वायर सगळीकडे लवचीक आणि प्लगपाशी एकदम कडक, म्हणून सगळा वाक त्या एका बिंदूवर येतो आणि आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात.

मग नवी वायर असतानाच मान बांधून द्यायला लागलो. गरम केली की आवळणारी नळी मिळते. साधी नळी आवळून निम्म्या व्यासाची होते; आतून गोंद असलेली एक तृतीयांशापर्यंत जाते आणि घट्ट बसते. प्लगवरून सरकवता यायला हवी आणि वायरवर आवळली जायला हवी, म्हणून दुसरीच लागते. एकावर एक दोन तुकडे, आतला लांब, बाहेरचा आखूड. म्हणजे कडकपणा टप्प्याटप्प्याने कमी होतो. तुकडे कापून पाकिटं केली, सोबत हाताने काढलेलं चित्र. विकली माझ्या रूममेटने. तो भिंतीशीसुद्धा गप्पा मारतो.

टाचणी, तुला एक विचारतो. लोक तुझ्याकडे काय मागायला येतात? अभ्यास सोडून.

टाचणी२१

काही नाही हो. बॅगेची चेन बिघडली की येतात. माझ्याकडे शिलाई मशीन आहे म्हणून.

सुटा_स्क्रू

बरं.

मधली_सुट्टी

सात कल्पना, दोन नमुने, विक्री शून्य. मला वस्तू बनवायला आवडते आणि ती कोणी विकत घेतली की वाईट वाटतं. आता नोकरी करतो, सुखी आहे.

सहा_ठिपके

थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, पूर्ण अंध. अर्थशास्त्राची पुस्तकं तो स्क्रीन रीडरवर ऐकायचा, पण आलेख आला की यंत्र फक्त ‘चित्र’ म्हणून पुढे जायचं. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा कुठे छेदतात हे त्याला कोणीतरी बोट धरून टेबलावर गिरवून दाखवायचं.

मी उत्साहात जाड कागदावर गोंदाने उठावाचे आलेख काढले. अक्ष, चौकटीच्या रेघा, बाण, बिंदू, सगळं पुस्तकासारखं. त्याने बोटं फिरवली आणि म्हणाला, “हे गवत आहे.” रेघा इतक्या जवळजवळ की बोटाला नुसता खडबडीतपणा लागायचा. दुसऱ्या नमुन्यात मागची चौकट काढली. मग म्हणाला, दोन्ही रेषा हाताला सारख्याच लागतात, कुठली मागणी आणि कुठला पुरवठा? तिसऱ्यात एक सलग, एक ठिपक्यांची. छेदतात तिथे तो पुन्हा हरवला, म्हणून चौथ्यात छेदबिंदूभोवती थोडी जागा मोकळी सोडली. असे नऊ नमुने झाले. माझ्या डोळ्यांना नववा सगळ्यांत केविलवाणा दिसायचा. त्याला तो एका हातात कळला.

लुई ब्रेलने १८२४ साली, पंधरा वर्षांचा असताना, हेच केलं होतं हे मला नंतर उमगलं. त्याच्या आधी शार्ल बार्बिएची बारा ठिपक्यांची लिपी होती. बार्बिए डोळस होता. बारा ठिपक्यांची चौकट बोटाच्या एका टोकाखाली मावत नाही, बोट वरखाली फिरवावं लागतं. हे ब्रेलला कळलं कारण वाचणारं बोट त्याचं स्वतःचं होतं. त्याने सहा ठिपके ठेवले, त्यांच्या ६३ रचना होतात, आणि अख्खं अक्षर एका स्पर्शात.

माझं बोट काही वाचणारं नव्हतं. माझ्याकडे एवढंच होतं की नऊ वेळा ‘चुकलं’ ऐकून मी रुसले नाही. खरं सांगायचं तर चौथ्याला रुसले होते, एक आठवडा. पुढे संच विकले ते विद्यार्थ्यांना नव्हे, संस्थांना, आणि खोक्यावर दोघांची नावं होती. पैसे संस्थांकडून यायला चार-चार महिने लागायचे, तो वेगळाच विषय.

उधारी_बंद

तोच विषय पुढे नेतो! दोन मित्र, टी-शर्ट छापायचो. दोघेही डिझाइनवाले. रात्र रात्र अक्षराच्या वळणावर वाद. कागदावर बळ दुप्पट. प्रत्यक्षात एकाच हातावर दोन घड्याळं. पैसे मागायला दोघांनाही लाज. एका महोत्सवाचे १४० शर्ट उधार दिले, आयोजक पदवी घेऊन बाहेर पडले, आम्ही अजून वाट बघतोय. त्या सबंध वर्षात एक मुलगी आमच्याकडे यायची, तिने कँटीनच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवला होता. तिला भागीदार करावं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. अक्षराचं वळण मात्र छान होतं.

साचेबंद

टाचणी, तुझ्या नळीबद्दल. मी यंत्र अभियांत्रिकीचा, आणि प्लॅस्टिकच्या टोपणाने हात भाजून घेतलेला.

थ्रीडी प्रिंटरवर एक टोपण तासाभरात निघतं आणि वाटतं झालं काम. हजार हवी असतील तर साचा लागतो. मग कळतं की साच्यातून वस्तू सुटायला भिंतींना अंश-दोन अंश उतार हवा, जाडी सगळीकडे सारखी हवी, आत अडकणारी खाच नको. तुझं प्रिंट केलेलं टोपण साच्यात बनणारच नाही, पुन्हा आखावं लागेल. आणि साच्याचा खर्च पहिल्या नगाआधी होतो. हिशेब साधा आहे: ठरीव खर्चाला एका नगामागे सुटणाऱ्या रकमेने भाग. साचा १०० धरला आणि नगामागे ०.०५ सुटले, तर दोन हजार नग विकेपर्यंत तू तोट्यात. आमच्या वर्षाला मुलं होती २४०. हा भागाकार मी साचा सांगितल्यावर केला, आधी नाही.

दुसरं: प्रदर्शनात पोस्टर लावायच्या आधी पेटंटचा विचार कर. अर्जाआधी कल्पना जाहीर झाली की बहुतेक देशांत नावीन्य गेलं असं धरतात. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, सगळीकडे तशी नाही. माझं पोस्टर पहिलं आलं. अर्ज त्याच दिवशी मेला. अर्थात, पेटंट नसल्याने टोपण बुडालं नाही, ते आधीच्या परिच्छेदामुळे बुडालं.

हातचा_एक

आम्हाला वर्गात सरस्वती यांचं संशोधन होतं. सरस सरस्वती, २००१ चा लेख. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक धंदा देऊन मोठ्याने विचार करायला लावलं. ही माणसं आधी ध्येय ठरवून साधनं शोधत नव्हती. हाताशी काय आहे तिथून निघत होती. मी कोण, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो. आणि किती मिळेल यापेक्षा किती गेलं तर चालेल, हे आधी ठरवत होती.

माझ्या बाबतीत तिसरा प्रश्न कामी आला. चेस्टर ग्रीनवुड नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १८७३ मध्ये कानाला थंडी वाजते म्हणून तारेची वेटोळी वाकवली आणि त्यांना केसाळ कातडं शिवायला आजीला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. १८७७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पेटंटवर नाव त्याचं, टाके आजीचे. मी माझ्या यादीत ‘काकांची सुतारकामाची करवत आणि रविवारी मोकळे असलेले काका’ असं लिहिलं होतं. गाईड हसले, पण लॅपटॉपचे लाकडी स्टँड त्यावरच झाले.

टाचणी२१

पंधरा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

साचेबंददादांचा भागाकार करून पाहिला आणि नळी सोडली. आमच्या दोन्ही तुकड्या धरून मुलंच १२० आहेत. मग सुटा_स्क्रू यांच्या ‘बरं’वर विचार करत बसले. तीन वर्षं लोक माझ्याकडे चेन घेऊन येताहेत आणि मी ते जमेत धरलं नव्हतं, कारण ते मला सोपं जातं.

आता नळी नाही, शिवलेली खोळ. ए-१ शीट ५९४ बाय ८४१ मिमीची, लांब बाजू गुंडाळली की ५९४ ची सुरळी होते, म्हणून खोळ ६४० ठेवली. आत जुन्या शीटचाच पुठ्ठा गुंडाळून आकार धरला, खांद्याला पट्टा. ‘घ्याल का’ विचारलं नाही. दहा जणांना ‘शेवटची शीट कधी खराब झाली’ विचारलं. सात जणांची पावसाने नव्हे, गर्दीत दबून झाली होती! म्हणून पुठ्ठा दुपटीने जाड केला. चार जणांनी आगाऊ पैसे दिले. बहीण नाही त्यात कोणी.

मॅडमना नवं पान दिलं. जमेच्या बाजूंत दोनच ओळी: ‘चेन बसवता येते. पैसे मागायला लाज वाटत नाही.’ त्यांनी दुसऱ्या ओळीशेजारी बरोबरची खूण केली, पहिलीपुढे विचारलं, ‘दिवसाला किती?’ मोजलं. दोन.

अडचण अशी: कापडातून पाणी जात नाही, पण शिलाईच्या भोकांतून आत झिरपतं. मेण चोळून पाहिलं, दोन दिवस टिकलं. काय करू?

सुटा_स्क्रू

शिवणीवर आतून लावायची पट्टी मिळते, इस्त्रीने चिकटते. आधी तुकड्यावर करून बघ, काही कापडांवर सुटते. आणि चेनवर झाकण शिव, पाणी तिथूनच जास्त जातं.

पाठकोरा

दिवसाला दोन, त्यात तुझा वेळ धरलास ना?

टाचणी२१

…धरते.